मूळ नसलेले भाषांतर : ऑस्बर्न हाउसमधील दरबार दालनाची वास्तुसंहिता

१

तौलनिक साहित्याभ्यासाने आपल्या कक्षा रुंदावताना चित्र, संगीत, नाट्य आणि चित्रपट यांच्याशी असलेले साहित्याचे संबंध वेळोवेळी तपासले आहेत. वास्तूचा विचार त्या मानाने कमी झालेला आहे. झाला तेव्हाही ती कथानकाची पार्श्वभूमी किंवा पात्रांच्या मनोवस्थेचे प्रतीक म्हणूनच बहुधा पाहिली गेली. एखादे घर स्वतंत्र संहिता म्हणून वाचावयाचे ठरवले तर साहित्यकृतीविषयी विचारले जाणारे प्रश्न त्यालाही लागू करावे लागतात. ते कोणी रचले, कोणासाठी रचले, कोणत्या परंपरेतून त्याचे घटक घेतले, आणि माध्यम बदलताना त्या घटकांचे काय झाले, हे ते प्रश्न होत. एका परंपरेतील रूपे दुसऱ्या परंपरेच्या भूमीवर उभी केली जातात, तेव्हा हे प्रश्न भाषांतरमीमांसेच्या अगदी निकट येतात.

इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यालगत असलेल्या आइल ऑफ वाइट या बेटावरील ऑस्बर्न हाउस हे या दृष्टीने लक्षणीय उदाहरण आहे. राणी व्हिक्टोरिया आणि राजपुत्र अल्बर्ट यांनी १८४५ साली ही जमीन विकत घेतली. मुख्य वास्तू १८५१ पर्यंत पूर्ण झाली आणि १८९०-९१ मध्ये तिला दरबार दालन असलेला नवा भाग जोडण्यात आला. पहिला भाग इटालियन पद्धतीचा, तर दुसऱ्याचा अंतर्भाग भारतीय पद्धतीचा, असे त्यांचे वर्णन सर्वत्र आढळते. या वर्णनातील ‘पद्धतीचा’ हा शब्द दोन्ही ठिकाणी सारखाच असला तरी त्यातून निघणारे निष्कर्ष सारखे नाहीत. इटालियन पद्धत अल्बर्ट यांची रचना ठरते, भारतीय पद्धत मात्र भारताचीच राहते. हा भेद कोठून येतो आणि तो वास्तूच्या साक्षीवर टिकतो काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

२

ऑस्बर्नच्या मुख्य वास्तूकडे प्रथम पाहणे आवश्यक आहे, कारण दरबार दालनाचे मूल्यमापन बहुधा तिच्या संदर्भाशिवाय केले जाते. जुने घर पाडून त्या जागी नवे घर बांधताना अल्बर्ट यांनी एखाद्या नामांकित वास्तुविशारदाऐवजी लंडनमधील बेलग्रेव्हिया भागाच्या उभारणीमुळे प्रसिद्धीस आलेले बांधकाम व्यावसायिक टॉमस क्यूबिट यांना हाताशी धरले. समोरची सॉलेंटची सामुद्रधुनी पाहून अल्बर्ट यांना नेपल्सच्या उपसागराची आठवण होत असे. घराचा आकृतिबंध या आठवणीला अनुसरूनच सिद्ध झाला. दोन उंच मनोरे, सपाट छप्पर, कमानींच्या ओळी आणि समुद्राच्या दिशेने पायरीपायरीने उतरणाऱ्या बागा हे सारे इटलीतील ग्रामीण प्रासादांच्या परंपरेतील घटक आहेत.

हे घटक इंग्लंडमध्ये आले तेव्हा त्यांचे द्रव्य पालटले. भिंती विटांच्या असून त्यांवर दगडाचा आभास निर्माण करणारा सिमेंटचा गिलावा दिलेला आहे. आगीपासून संरक्षण व्हावे म्हणून आत लोखंडी तुळया वापरल्या आहेत. बाहेरून इटालियन प्रासाद दिसणारी ही वास्तू बांधणीच्या दृष्टीने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावरील इंग्रजी उद्योगाची निर्मिती आहे. यात फसवणूक झाली असे कोणी म्हणत नाही. भाषांतरात मूळ भाषेची ध्वनिव्यवस्था टिकत नाही, लक्ष्यभाषेच्या द्रव्यातच अर्थ उभा करावा लागतो, हे ज्या सहजतेने मान्य केले जाते त्याच सहजतेने अल्बर्ट आणि क्यूबिट यांचा गिलावाही मान्य झालेला आहे.

इटालियन घटकांची निवडही सरधोपट नाही. घराच्या अंतर्रचनेत राजघराण्याच्या विशिष्ट गरजांनी मूळ आराखड्यावर मात केलेली दिसते. दिवाणखाना आणि बिलियर्डची खोली यांच्यामध्ये भिंत नाही, केवळ स्तंभ आणि पडदे आहेत. मात्र बिलियर्डची खोली काटकोनात वळवलेली आहे. राणीच्या समोर सेवेतील मानकऱ्यांनी बसू नये असा दरबारी संकेत होता. खोली वळवल्यामुळे हे मानकरी हाकेच्या अंतरावर असूनही राणीच्या दृष्टीआड राहत आणि त्यांना बसता येत असे. शिष्टाचाराचा एक नियम येथे भिंतीच्या दिशेत उतरलेला आहे. इटलीचे रूप स्वीकारताना इंग्रजी राजगृहाचे व्याकरण कायम ठेवण्यात आले, असे यावरून म्हणता येते. मार्क गिरुआर्ड यांच्या ‘द व्हिक्टोरियन कंट्री हाउस’ (१९७१) या ग्रंथानंतर व्हिक्टोरियन काळातील घरांचा विचार करताना शैलीइतकेच लक्ष घरातील माणसांच्या वावराकडे, मालक आणि सेवक यांच्या वाटांकडे दिले जाऊ लागले. ऑस्बर्नच्या बाबतीत हा दृष्टिकोन विशेष फलदायी ठरतो.

३

अल्बर्ट यांचे १८६१ मध्ये निधन झाले. १८७६ च्या कायद्यानंतर राणीने ‘भारताची सम्राज्ञी’ हा किताब धारण केला आणि १ जानेवारी १८७७ रोजी दिल्लीत त्याची घोषणा झाली. सम्राज्ञीने भारत कधीही पाहिला नाही. १८८७ च्या सुवर्णमहोत्सवाच्या वर्षी आग्र्याहून आलेले अब्दुल करीम पुढे तिचे ‘मुन्शी’ झाले. त्यांच्याकडून ती हिंदुस्थानी शिकू लागली आणि त्या भाषेत रोजनिशीही लिहू लागली. व्हिएन्नाचे चित्रकार रुडॉल्फ स्वोबोडा यांना तिने भारतात पाठवले. त्यांनी तेथे रंगवलेली सामान्य स्त्रीपुरुषांची व्यक्तिचित्रे आज ऑस्बर्नच्या दरबार मार्गिकेत लावलेली आहेत. भाषा, चित्र आणि वास्तू अशा तीन माध्यमांतून, जेथे जाणे घडले नाही तो देश घरात आणण्याचा हा प्रयत्न जवळजवळ एकाच वेळी चाललेला होता.

मोठ्या समारंभांसाठी ऑस्बर्नमध्ये पुरेसे दालन नव्हते. नव्या भागाच्या तळमजल्यावर ते बांधावयाचे आणि वरच्या मजल्यांवर राजकन्या बिअट्रिस यांच्या कुटुंबाची व्यवस्था करावयाची, असे ठरले. सजावटीसाठी लाहोरच्या मेयो स्कूल ऑफ इंडस्ट्रियल आर्टचे प्राचार्य जॉन लॉकवुड किपलिंग यांना विचारण्यात आले. त्यांच्या मार्गदर्शनाखाली काम करण्यासाठी त्यांचे विद्यार्थी आणि सहकारी भाई रामसिंग १८९१ च्या प्रारंभी ऑस्बर्नला आले. या दोघांनी त्यापूर्वी राणीचे पुत्र ड्यूक ऑफ कॅनॉट यांच्या बॅगशॉट पार्क येथील बिलियर्डच्या खोलीसाठी काम केले होते. तेथे पंजाबात कोरलेले लाकडी तक्ते इंग्लंडमध्ये नेऊन बसवण्यात आले. ऑस्बर्नचे काम त्याहून वेगळ्या स्वरूपाचे ठरले. येथे वस्तूऐवजी प्रत्यक्ष रचनाकाराचाच प्रवास झाला, आणि रूपे त्या जागीच घडवावी लागली.

दरबार दालनात प्रवेश करणाऱ्यास प्रथम जाणवतो तो शुभ्र, दाट नक्षीने भरलेला पृष्ठभाग. छत खोल चौकटींत विभागलेले आहे. भिंतींवर जाळीदार आकृत्या, कमानी आणि वेलबुट्टी आहे. शेकोटीवर पिसारा फुलवलेला भव्य मोर आहे. अलंकरणात गणपतीची आकृतीही योजलेली आहे. जमिनीवरचा गालिचा आग्र्याचा. दालनात विजेच्या दिव्यांची सोय प्रारंभापासूनच होती. पंजाब आणि उत्तर भारतातील मुघल, हिंदू आणि शीख राजवटींच्या वास्तूंत निरनिराळ्या ठिकाणी आढळणारे हे घटक येथे एका छताखाली आलेले आहेत.

या पृष्ठभागाचे द्रव्य मुख्यतः प्लास्टर आहे. पंजाबात जे काम दगडात, लाकडात किंवा चुन्यात होते त्याचे नमुने रामसिंग यांनी येथे तयार केले आणि त्यांवरून साच्यात ओतलेले भाग इंग्रज कारागिरांच्या साहाय्याने बसवण्यात आले. एकच आकृती साच्यामुळे अनेकदा काढता येते. कोरीव कामात मात्र प्रत्येक आवृत्तीत हाताचा थोडा फरक पडतो. म्हणून दालनातील नक्षीला जी काटेकोर, अखंड पुनरावृत्ती लाभली आहे ती पंजाबी परंपरेतून सरळ आलेली नाही. ती माध्यमांतरातून निर्माण झालेली आहे.

याहून महत्त्वाची बाब दालनाच्या प्रयोजनाची. अंगण, ओसरी, झरोका, वाऱ्यासाठी जाळी, उन्हासाठी सज्जा, या साऱ्यांचे रूप हवामानातून आणि घरातील व्यवहारातून घडलेले असते. ऑस्बर्नच्या दालनात जाळी वारा खेळवीत नाही आणि कमान सावली देत नाही. खिडक्यांतून दिसते ती इंग्रजी बाग. खोलीला ऊब देते ती शेकोटी. जे घटक बाह्यभागाचे होते ते अंतर्भागाचे झाले, जे उपयुक्त होते ते अर्थवाहक झाले. इंग्रजी मेजवानीचे दालन ही या खोलीची वाक्यरचना आहे आणि पंजाबी घटक हा तिचा शब्दसंग्रह आहे, असे म्हटल्यास तिच्या रचनेचे स्वरूप बरेचसे स्पष्ट होते.

४

अशा दालनाला काय म्हणावे, याविषयी दोन भूमिका संभवतात. ते अस्सल भारतीय कारागिराच्या हातचे असल्यामुळे अस्सल भारतीय आहे, ही पहिली भूमिका. ते साम्राज्याच्या प्रदर्शनवृत्तीचे फलित असल्यामुळे केवळ पौर्वात्यवादी कल्पनाविलास आहे, ही दुसरी. एडवर्ड सैद यांच्या ‘ओरिएंटॅलिझम’ (१९७८) नंतर दुसरी भूमिका अधिक सुलभ झाली, आणि तिच्यात तथ्यही आहे. तरीही दोन्ही भूमिकांत एक समान उणीव राहते. दोन्हींत रामसिंग अदृश्य होतात. पहिलीत ते परंपरेचे वाहक ठरतात, दुसरीत सत्तेचे साधन. निवड करणारी व्यक्ती म्हणून त्यांचा विचार कोठेही होत नाही.

भाषांतरमीमांसेतील छद्मभाषांतर ही संकल्पना येथे उपयोगी पडते. जी संहिता भाषांतर म्हणून सादर होते, परंतु जिचे मूळ अस्तित्वात नसते, तिला गिडिऑन टूरी यांनी आपल्या विवेचनात महत्त्वाचे स्थान दिले आहे. जेम्स मॅक्फर्सन यांनी १७६० च्या दशकात प्राचीन गेलिक कवी ऑसियन याच्या काव्याची भाषांतरे म्हणून प्रसिद्ध केलेल्या रचना हे त्याचे सर्वपरिचित उदाहरण आहे. अशा संहितेत लक्ष्यसंस्कृतीला परक्या संस्कृतीकडून काय अपेक्षित आहे ते नेमके वाचता येते, म्हणून तिचा अभ्यास फलदायी ठरतो. दरबार दालनाचे मूळ लाहोर, अमृतसर किंवा आग्रा येथे शोधू गेल्यास सापडत नाही. त्याचे घटक सापडतात. ते दालन सापडत नाही. भारताचे भाषांतर म्हणून वाचली जाणारी ही रचना वस्तुतः ऑस्बर्नसाठी प्रथमच रचलेली आहे.

मात्र ऑसियनच्या उदाहरणाशी असलेला फरकही नोंदवला पाहिजे. मॅक्फर्सन यांनी लेखकाचे नाव कल्पित उभे केले आणि स्वतः भाषांतरकाराच्या आड राहिले. ऑस्बर्नमध्ये रचनाकार खरा होता, उपस्थित होता, आणि त्याच्या कर्तृत्वाचे श्रेय ‘भारतीय परंपरा’ या सामूहिक नावाकडे गेले. तेथे एका व्यक्तीने परंपरा निर्माण केली. येथे परंपरेच्या नावाने एक व्यक्ती झाकली गेली.

मराठी वाङ्मयव्यवहारातील त्याच काळाचे एक उदाहरण या ठिकाणी तुलनेस घेता येते. शेक्सपिअरच्या ‘ऑथेल्लो’वरून गोविंद बल्लाळ देवल यांनी केलेले ‘झुंझारराव’ हे नाटक १८९० चे, म्हणजे दरबार दालनाच्या उभारणीच्या वेळचे आहे. त्यात परक्या नाटकाची पात्रे, नावे आणि परिसर एतद्देशीय केलेले आहेत. मराठी समीक्षेने अशा कृतींसाठी भाषांतर, रूपांतर, अनुवाद असे सूक्ष्म भेद करणारे शब्द घडवले आणि रूपांतर करणाऱ्याचे नाव इतिहासात आदराने नोंदवले. ‘झुंझारराव’ची चर्चा देवलांना वगळून होत नाही. ऑस्बर्नच्या दालनाची चर्चा रामसिंग यांना वगळून, किंवा त्यांना केवळ ‘काम पार पाडणारा’ म्हणून, दीर्घकाळ होऊ शकली. दोन्हींमधील निर्मितिप्रक्रिया सारखी असूनही श्रेयाची व्यवस्था वेगळी आहे.

५

या व्यवस्थेचे एक कारण वासाहतिक कलाशिक्षणाच्या विचारसरणीत आहे. लॉकवुड किपलिंग १८६५ मध्ये मुंबईच्या सर जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत आले. तेथे दहा वर्षे अध्यापन करून ते १८७५ मध्ये लाहोरला गेले. मुंबईतील वास्तूंवरील शिल्पांकनाच्या कामाशी त्यांचा निकटचा संबंध होता. क्रॉफर्ड मार्केटच्या दर्शनी भागावरील उत्थित शिल्पे त्यांचीच आहेत. भारतीय कारागिरीविषयी त्यांचा आदर निःसंशय होता, आणि यंत्रोत्पादित वस्तूंच्या लोंढ्यापुढे तिचे रक्षण व्हावे ही त्यांची तळमळही खरी होती. परंतु या आदरात कारागीर हा पिढ्यान्‌पिढ्यांच्या संचिताचा प्रतिनिधी मानला जातो, आणि त्या संचितात भर घालणारी स्वतंत्र बुद्धी त्याच्या ठायी गृहीत धरली जात नाही. त्यांचे पुत्र रडयार्ड किपलिंग यांच्या ‘किम’ (१९०१) या कादंबरीच्या प्रारंभी येणारा लाहोरच्या वस्तुसंग्रहालयाचा अभिरक्षक वडिलांवरून घेतलेला आहे. सहानुभूतीने भारताचा अर्थ लावणारा गोरा विद्वान ही त्या व्यक्तिरेखेची प्रतिमा. तिच्या शेजारी त्या काळच्या लाहोरमध्ये प्रत्यक्ष वास्तू रचणाऱ्या भारतीय शिक्षकाची प्रतिमा उभी राहत नाही.

असे शिक्षक रामसिंग होते. त्यांचा जन्म १८५८ चा, पंजाबातील सुतारकाम करणाऱ्या शीख कुटुंबातला. मेयो स्कूलमध्ये ते विद्यार्थी म्हणून आले, तेथेच शिक्षक झाले आणि १९१० मध्ये त्या संस्थेचे पहिले भारतीय प्राचार्य झाले. लाहोरचे एचिसन कॉलेज आणि वस्तुसंग्रहालय, तसेच अमृतसरचे खालसा कॉलेज या वास्तूंच्या रचनेशी त्यांचे नाव जोडलेले आहे. आराखडा, प्रमाण, साचा आणि देखरेख अशा सर्व अंगांनी काम करणाऱ्या या व्यक्तीला ‘कारागीर’ या एकाच शब्दात बसवणे अपुरे आहे. राणीने स्वोबोडाकडून त्यांचे व्यक्तिचित्र १८९२ मध्ये काढवून घेतले. घराच्या मालकिणीने त्यांना नाव असलेली व्यक्ती म्हणून पाहिले होते, ही गोष्ट पुढील काळातील वर्णनांच्या तुलनेत लक्षात ठेवण्याजोगी आहे. परवेझ आणि साजिदा वांदल यांचा रामसिंग यांच्यावरील ग्रंथ (२००६), तसेच २०१७ मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात भरलेले लॉकवुड किपलिंग यांच्या कार्यावरील प्रदर्शन, यांमुळे ही उणीव काही अंशी भरून निघाली आहे.

रामसिंग यांच्या वाट्याला आलेल्या विस्मरणाला दुसरेही एक कारण संभवते. १९४७ नंतर त्यांच्या प्रमुख वास्तू दोन राष्ट्रांत विभागल्या गेल्या आणि एक तिसऱ्या देशात राहिली. राष्ट्राच्या चौकटीत लिहिल्या जाणाऱ्या कलेतिहासात अशा व्यक्तीचे समग्र कार्य एकत्र येणे कठीण असते. साहित्याच्या क्षेत्रात अशाच अडचणींतून तौलनिक अभ्यासाची गरज निर्माण झाली.

६

दरबार दालनाच्या स्थानाचा प्रश्न अद्याप उरतो. ज्या भागात हे दालन आहे त्याचे बाह्यरूप मुख्य घराशी जुळणारे, इटालियन पद्धतीचे आहे. बागेतून पाहणाऱ्याला आत काय आहे याचा सुगावा लागत नाही. याउलट, भारतातील त्याच काळच्या सार्वजनिक इमारतींत भारतीय घटक बाह्यभागावर ठळकपणे मिरवतात. मुंबईत फ्रेडरिक स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये ज्या रेल्वे स्थानकाचे बांधकाम सुरू झाले आणि ज्याला सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने व्हिक्टोरिया टर्मिनस हे नाव मिळाले, त्याच्या अलंकरणात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांचा हात होता. मोर आणि इतर एतद्देशीय प्राणी, वनस्पती तेथे रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येकाला दिसाव्यात अशा योजलेल्या आहेत. टॉमस मेटकाफ यांनी ‘अ‍ॅन इम्पीरिअल व्हिजन’ (१९८९) मध्ये दाखवून दिल्याप्रमाणे भारतातील अशा रचनांमागे राज्यकर्त्यांनी स्वतःला या भूमीचे वारस म्हणून मांडण्याचा हेतू होता. प्रजेसमोर भारतीयत्व बाहेर ठेवले गेले; सम्राज्ञीच्या घरी ते आत, निमंत्रितांपुरते राहिले. एकाच साम्राज्याच्या दोन टोकांना अलंकाराची जागा अशी उलट झालेली आहे.

या अंतर्भागाला पूर्वेतिहासही आहे. पंजाब १८४९ मध्ये ब्रिटिश राज्यात विलीन झाला. त्याचे पदच्युत अल्पवयीन महाराज दुलीपसिंग १८५४ मध्ये याच घरी राजकुटुंबाचे पाहुणे म्हणून राहिले होते. त्यानंतर सदतीस वर्षांनी त्याच पंजाबातील एक शीख रचनाकार येथे आला आणि त्याने ‘दरबार’ या नावाचे दालन उभारले. ज्या राज्याचा दरबार संपुष्टात आला त्याच्या रूपांनी विजेत्याच्या घरातील दरबार सजला, हे सत्य दालनाच्या सौंदर्याची चर्चा करताना बाजूला ठेवता येत नाही. सुवर्ण आणि हीरक महोत्सवांत भारतातून आलेल्या भेटवस्तू आणि मानपत्रांच्या पेट्या आज येथेच मांडलेल्या आहेत.

येथे एक आक्षेप संभवतो. रामसिंग यांना रचनाकाराचे स्वातंत्र्य होते असे म्हणणे सत्तेच्या वास्तवाकडे दुर्लक्ष करणे नव्हे काय? विषय, जागा, प्रयोजन आणि ‘भारतीय’ दिसण्याची अट, सारे आधीच ठरलेले होते. या आक्षेपात तथ्य आहे. परंतु आश्रयदात्याची अट ही अल्बर्ट-क्यूबिट यांच्या संबंधातही होती आणि दरबारी कवितेच्या बहुतेक परंपरांतही होती. अट असते म्हणून कर्तृत्व नाहीसे होत नाही. त्याचे क्षेत्र ठरते. कोणते घटक घ्यावेत, मुघल कमानीशेजारी मोर कसा बसवावा, दगडाची रूपे प्लास्टरमध्ये कितपत खोल उठवावीत, हे निर्णय कोणीतरी घेतले. ते भारताने घेतले असे म्हणण्यात अर्थ नाही.

राणीचे २२ जानेवारी १९०१ रोजी ऑस्बर्नलाच निधन झाले आणि सातव्या एडवर्ड यांनी पुढील वर्षी हे घर राष्ट्राला दिले. पुढे नौदलाचे विद्यालय आणि लष्करी अधिकाऱ्यांचे आरोग्यधाम म्हणून त्याचा वापर झाला. आज ते इंग्लिश हेरिटेज या संस्थेकडे आहे. २०१७ मधील ‘व्हिक्टोरिया अँड अब्दुल’ या चित्रपटाचे काही चित्रीकरण येथे झाल्याने दरबार दालन जगभरच्या प्रेक्षकांपर्यंत पोहोचले; मात्र ते अब्दुल करीम यांच्या कथेचे स्थळ म्हणून. वास्तू पुन्हा एकदा पार्श्वभूमी झाली.

ऑस्बर्नच्या दोन्ही भागांत परक्या परंपरेची रूपे स्थानिक द्रव्यात आणि स्थानिक प्रयोजनासाठी नव्याने रचलेली आहेत. इटालियन रूपांना ज्या कारणांनी रचना म्हणतात, त्याच कारणांनी पंजाबी रूपांनाही रचना म्हणावे लागते. एकीला कर्ता आणि दुसरीला केवळ उगमस्थान असा भेद करण्यास वास्तूत आधार नाही. तो वाचनात आहे. भाषांतरित संहितांचा अभ्यास करणाऱ्यांना हा भेद अपरिचित नाही. मुखपृष्ठावर ज्याचे नाव छापले जात नाही त्या भाषांतरकाराचा शोध घेताना ज्या कसोट्या वापराव्या लागतात, त्याच लावल्या असता दरबार दालन हे भाई रामसिंग यांचे कर्तृत्व ठरते, आणि ऑस्बर्नचे घर एकाच रचनाकाराचे राहत नाही.